संस्थेत वाढणारे मूल, घरात वाढणारे मूल : आत्मसन्मान कुठे घडतो?

आपल्या वस्तीत एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला, की चार-सहा महिन्यांत एक वाक्य कानावर येते. "पोराला बोर्डिंगात टाकला." ते कधी बालगृह असते, कधी अनाथाश्रम, कधी एखाद्या ट्रस्टचे वसतिगृह. बोलण्यात सगळ्याला बोर्डिंगच म्हणतात. सांगणाऱ्या आईच्या मनात काही वाईट नसते. दोन वेळचे जेवण मिळेल, शाळा सुटणार नाही, टवाळ पोरांच्या नादाला लागणार नाही, एवढाच तिचा हिशेब असतो. पण बारा-तेरा वर्षांचा मुलगा ते वाक्य ऐकतो, तेव्हा त्याच्या कानात एकच शब्द राहतो : टाकला. फाटकी चप्पल टाकतात, शिळे अन्न टाकतात. मग मीही त्यातलाच का? हा प्रश्न तो कुणाला विचारत नाही. तो घेऊनच झोपतो.

ताप आला तर आपण कपाळाला हात लावून पाहतो. मनात असा प्रश्न घर करून बसला, तर तो हाताला लागत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर किशोरवयीन मुलांच्या आत्मसन्मानाविषयी बोलू. दहा ते एकोणीस हे किशोरवय. संस्थेत वाढणाऱ्या मुलांचा आत्मसन्मान आई-बापाजवळ वाढणाऱ्या मुलांपेक्षा कमी असतो का? असेल तर कशामुळे? आणि आपल्या हातात त्यातले काय आहे?

आत्मसन्मान म्हणजे काय?

अहंकार म्हणजे मी दुसऱ्यापेक्षा मोठा. आत्मविश्वास म्हणजे अमुक काम मला जमेल. आत्मसन्मान या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. मला काही जमो वा न जमो, माणूस म्हणून माझी किंमत आहे, ही आतली खात्री म्हणजे आत्मसन्मान. कबड्डीत पहिला येणारा मुलगाही मनातून स्वतःला कवडीमोल समजत असू शकतो. अभ्यासात बेताची असलेली मुलगीही ताठ मानेने जगू शकते.

आपल्या समाजाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपली माणसे गेली, ती केवळ तहान भागवायला गेली नव्हती. माणूस म्हणून आपली किंमत काय, या प्रश्नाचे उत्तर द्यायला गेली होती. तोच प्रश्न किशोरवयात प्रत्येक मुलाला एकट्याने सोडवावा लागतो. या वयात शरीर बदलते, आवाज फुटतो, पाळी सुरू होते आणि "मी कोण?" हा प्रश्न पहिल्यांदा जोराने उभा राहतो. त्याचे उत्तर मूल आरशात शोधत नाही. आजूबाजूच्या माणसांच्या डोळ्यांत शोधते.

मोजणार कसे?

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांमधल्या सुमारे पाच हजार विद्यार्थ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यासाठी त्यांनी दहा विधानांची एक साधी मोजपट्टी केली. पाच विधाने स्वतःबद्दल चांगले सांगणारी, पाच वाईट सांगणारी. प्रत्येकाला चारपैकी एक उत्तर द्यायचे : पूर्ण पटते, पटते, पटत नाही, अजिबात पटत नाही. आज जगभर, भारतातही, संस्थेतल्या आणि घरातल्या मुलांची तुलना करताना बहुधा हीच मोजपट्टी वापरतात. हे थर्मामीटरसारखे आहे. ताप आहे का ते कळते, कशाचा आहे ते कळत नाही.

रोझेनबर्ग यांनी मुलांना घराविषयीही विचारले. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक आई-बापाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तुझे मित्र कोण हे आईला ठाऊक होते का? दोन, गुणपत्रक घरी आणल्यावर कुणी काही बोलत होते का? तीन, घरी जेवताना बोलण्यात तुलाही जागा होती का? ज्यांच्या घरी कुणाला कशाचे काही पडलेले नव्हते, त्या मुलांचा आत्मसन्मान सर्वात कमी आढळला. कमी गुणांवरून ज्यांना रागावले जाई, त्यांच्यापेक्षाही कमी. रागावणारा माणूस निदान दखल तरी घेतो. दखलच न घेणे मुलाला जास्त लागते. याचा अर्थ मुलाला बडवावे असा नाही. "तू असलास काय, नसलास काय" हा निरोप मुलाला सर्वात खोल जखम करतो, एवढाच याचा अर्थ.

याच रोझेनबर्ग यांनी रॉबर्टा सिमन्स यांच्यासोबत १९६८ साली बाल्टिमोर शहरातील शाळांमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास केला. भोवतालचा समाज ज्यांना हलके लेखतो, ती मुले स्वतःलाही हलके लेखत असणार, असे तोवर सगळे गृहीत धरत होते. तसे आढळले नाही. कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हता. कारण मूल स्वतःची किंमत ठरवते ती आई, आजी, शेजारी, मित्र यांच्या नजरेवरून. दूरचा समाज काय म्हणतो हे नंतर येते. मात्र ज्या शाळांत गोरी मुले बहुसंख्य होती, तिथे कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान काहीसा खाली होता. आपली मुले वस्तीबाहेरच्या मोठ्या शाळेत जातात, आडनावावरून ओळखली जातात, तेव्हा त्यांना घरचे आणि वस्तीचे बळ जास्त का लागते, ते यावरून कळावे.

आता यातून संस्थेतल्या मुलाकडे पाहू. वस्तीतल्या मुलाला जगाने हिणवले, तर घरी येऊन ते आईच्या कुशीत शिरते. संस्थेतल्या मुलाला शाळेत कुणी "अनाथ" म्हणून चिडवले, तर संध्याकाळी ते कुणाकडे जाणार?

संस्थेत काय कमी पडते?

सरासरी काढली तर बहुतेक पाहण्यांमध्ये संस्थेतल्या किशोरांचा आत्मसन्मान आई-बापाजवळच्या मुलांपेक्षा कमी भरतो. याचे कारण मुलात नसते, व्यवस्थेत असते. पन्नास मुलांमागे दोन-तीन काळजीवाहक, तेही पाळीने काम करणारे आणि दर दोन वर्षांनी बदलणारे. मुलाने जीव लावावा आणि त्या ताईची नोकरी सुटावी, असे तीन-चार वेळा झाले की मूल जीव लावणेच सोडून देते. कपडे सगळ्यांचे सारखे, देणगीत आलेले. पेटीला कुलूप नाही. वाढदिवस कागदावर १ जून, कारण शाळेत नाव घालताना तोच लिहिला. लहानपणी मी कसा होतो, पहिला शब्द कोणता बोललो, हे सांगणारे कुणी नाही. आपल्या घरात आजी ज्या गोष्टी शंभरदा सांगून कंटाळा आणते, त्याच गोष्टींतून मुलाला कळत असते की मी कुणाचा तरी आहे.

फार लहानपणी संस्थेत गेलेल्या मुलांवर याचा परिणाम किती खोल होतो, हे रोमानियाने दाखवले. १९८९ साली तिथली चाउशेस्कू राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी अनाथालयांत सापडली. पुढे बुखारेस्ट शहरात संशोधकांनी अशा १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. सहा महिने ते अडीच वर्षे या वयाची ही बालके होती. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवले. कुटुंबात गेलेली मुले बुद्धीच्या वाढीत आणि माणसाशी जवळीक जोडण्यात पुढे गेली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांची जवळीक अधिक चांगली जुळली. मुले किशोरवयात आल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचे पालक-घर बदलत राहिले नाही, त्यांचे जास्त चांगले चालले होते. मुलाला घर लागते आणि तेच घर टिकावेही लागते.

पण दुसरी बाजूही आहे

संस्था म्हणजे वाईट आणि घर म्हणजे चांगले, असा निकाल मात्र देता येत नाही. २००९ साली पाच देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : भारत, कंबोडिया, केनिया, टांझानिया आणि इथिओपिया. भारतात हैदराबाद आणि नागालँड इथे पाहणी झाली. आई-बाप गमावलेल्या किंवा त्यांनी सोडून दिलेल्या सहा ते बारा वर्षांच्या अडीच हजारांहून अधिक मुलांना त्यात तपासले. काही संस्थेत राहत होती, काही नातेवाइकांकडे किंवा इतर कुटुंबांत. संस्थेतली मुले तब्येत, मन आणि बुद्धी यांत कुटुंबांतल्या मुलांपेक्षा मागे नव्हती.

या अभ्यासातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. "अनाथाश्रम की आई-बाप?" हा प्रश्नच अर्धा चुकीचा आहे. ज्या मुलाचे आई-बाप दोघेही गेले, त्याच्यापुढे आई-बापाचे घर हा पर्याय उरलेलाच नसतो. त्याच्यापुढे चुलत्याचे घर किंवा संस्था, एवढेच दोन रस्ते असतात. आणि ज्या मुलाची आई जिवंत आहे पण घरात पैसा नाही, त्याचा प्रश्न अनाथपणाचा नाहीच. तो गरिबीचा आहे, आणि गरिबीचा इलाज मुलाला आईपासून तोडून करायचा नसतो. आज अनेक बालगृहांत अशी मुले आहेत, ज्यांना आई किंवा बाप आहे.

वसतिगृहाला आपण नावे ठेवण्याचे तर कारणच नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याआधीच मुलांसाठी वसतिगृहे उभी केली होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतली शिकलेली माणसे पुष्कळदा अशाच वसतिगृहांतून आली. ती मुले घरापासून दूर होती, पण कुणासाठी आणि कशासाठी शिकतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. समाज त्यांची वाट पाहत होता. धारवाडच्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत हे कळल्यावर रमाईने स्वतःच्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. रमाईला स्वतःला लहानपणी आई-बाप गेल्याचा अनुभव होता. काका-मामांनी तिला भावंडांसह मुंबईला आणून सांभाळले होते. परक्या मुलांची भूक तिला कशी कळली, हे यातून उमगते.

घर आहे, तरी...

आता आपल्या घरात डोकावू. आई-बाप दोघेही आहेत म्हणून मुलाचा आत्मसन्मान आपोआप वाढतो, असे नाही. "तुझ्यावर खर्च करून काय उपयोग?" "शेजारच्याचा बघ आणि तू बघ." "बापाने दिवे लावले, आता तू लाव." मुलीला तर उठता-बसता "परक्याचं धन". बाप दारू पिऊन आला की मुलाने रात्रभर दाराकडे कान लावून जागायचे आणि सकाळी शाळेत झोप काढायची. पाहुण्यांसमोर आपल्याच मुलाला नालायक म्हणणे याला आपण मोकळेपणा समजतो. हे रोज ऐकणाऱ्या मुलाचे घर आणि दखल न घेणारी संस्था, यांत मुलाच्या मनाला फारसा फरक वाटत नाही.

पहाटे पाचला धुणीभांडी करायला बाहेर पडणाऱ्या आईला आणि रात्रपाळी करणाऱ्या बापाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. वेळ कमी आहे हे खरेच आहे. पण रोझेनबर्ग यांच्या तीन प्रश्नांना पैसा लागत नाही. मित्रांची नावे माहीत असणे, गुणपत्रकावर दोन वाक्ये बोलणे आणि एका वेळच्या जेवणाला टीव्ही-मोबाइल बंद ठेवून "आज काय झालं रे?" विचारणे, एवढे दहा मिनिटांत होते.

तिसरे मूल

वस्तीत आणखी एक मूल असते. त्याचा विचार कुठल्याच यादीत होत नाही. ते म्हणजे नातेवाइकाकडे राहिलेले मूल. "माय मरो, मावशी जगो" अशी म्हण आपल्याकडे आहे आणि ती अनेक घरांत खरी होते. सिद्धार्थ सात दिवसांचे असताना महामाया गेली. त्यांना वाढवले मावशीने, महाप्रजापती गौतमीने. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या. घर सांभाळून त्यांच्यावर माया केली ती आत्याने, मीराबाईने. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला दत्तक घेतले आणि डॉक्टर केले. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या, तेव्हा हाच मुलगा डॉक्टर म्हणून त्यांच्याबरोबर होता. आपला इतिहासच दुसऱ्याच्या लेकराला आपले म्हणणाऱ्यांचा आहे.

पण नातेवाइकाच्या घरी वाढणाऱ्या मुलाला आज काय दिसते ते पाहा. घरातल्या मुलाला नवे दप्तर, याला त्याचे जुने. पाणी भरायला हाच, दुकानात जायला हाच, लहान बाळ सांभाळायला हीच. भांडण झाले की "तुझे आई-बाप गेले आणि माझ्या डोक्याला ताप ठेवून गेले." हे एक वाक्य वर्षभराच्या मायेवर पाणी फिरवते. जेवायला सारखेच मिळाले, तरी घरात सारखे स्थान नसले तर मूल ते ओळखते. अशा घराला आर्थिक मदतीची गरज असते आणि ती मागण्यात कमीपणा नाही. तिची माहिती पुढे दिली आहे.

लक्षणे ओळखा

मूल संस्थेत असो, घरात असो की मामाकडे, पुढील गोष्टी आठवड्यांमागून आठवडे दिसत राहिल्या तर दुर्लक्ष करू नका.

- "मला नाही जमणार", "माझं नशीबच फुटकं" असे सतत बोलणे. कौतुक केले तर ते खोटे वाटणे.
- नवीन माणसासमोर, वर्गात, फोटोत मागे मागे राहणे. चूक नसतानाही माफी मागणे.
- याउलट, लहानसहान बोलण्यावरून भडकणे, मारामारी करणे. आत दुखत असले की काही मुले अशी वागतात.
- डोके दुखते, पोट दुखते म्हणून शाळा बुडवणे, आणि तपासणीत काही न सापडणे.
- झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, भूक जाणे, आवडता खेळ सुटणे.
- तंबाखू, गुटखा, दारू किंवा रसायन हुंगण्याची सवय.
- गोड बोलणाऱ्या कुठल्याही मोठ्या माणसाच्या किंवा मोबाइलवरच्या अनोळखी व्यक्तीच्या मागे जाणे. मायेला भुकेलेल्या मुलाला फसवणे सोपे असते.

हातावर ब्लेडचे वण दिसले किंवा "मेलो तर सुटेन" असे शब्द निघाले, तर वाट पाहू नका. मुलाला शांतपणे विचारा, "तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. त्या मुलाला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते. तिथे समुपदेशक भेटतात. मानसोपचार म्हणजे वेडाचा उपचार, हा समज आता सोडून देऊ. अंगारा, उतारा, भगतगिरी यांत दिवस घालवू नका. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या वाटेवर चालणाऱ्या घराला हे वेगळे सांगायला नको.

आई एकटी असेल तर

मुलाला संस्थेत ठेवण्याचा विचार केवळ पैशामुळे असेल, तर आधी ही चौकशी करा. महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अनाथ मुले, एक पालक असलेली मुले, आई-बाप गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुले अशांना संस्थेऐवजी कुटुंबातच वाढता यावे, म्हणून तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलासाठीही ही योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. बाल कल्याण समितीच्या आदेशानंतर मदत सुरू होते. आधार कार्ड, रेशन कार्ड, पालकाचा मृत्यू दाखला, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक जवळ ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी असे पाच अर्ज भरून दिले, तरी पाच मुले आईजवळ राहतील.

२०१५ चा बाल न्याय कायदाही हेच सांगतो : संस्था हा शेवटचा उपाय. तरीही संस्थेत ठेवावेच लागले, तर ती नोंदणीकृत आहे का आणि मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर केले जाते का, ते पाहा. भावंडांना एकत्र ठेवतात का, भेटायला कधी देतात, फोनवर बोलू देतात का, हे आधी विचारा. आणि घरी मुलाशी खरे बोला. का पाठवतो आहोत, किती दिवसांसाठी, भेटायला कोणत्या रविवारी येणार. दिलेला रविवार चुकवू नका. "टाकला" म्हणू नका, "शिकायला ठेवला" म्हणा, आणि ते वागण्यातून खरे करा.

अठरा वर्षे पूर्ण झाली की संस्थेतून बाहेर पडावे लागते. या भीतीने सोळा-सतराव्या वर्षीच मुलांची झोप उडते. अशा मुलांसाठी कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. अनाथ प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे. ही माहिती मुलापर्यंत वेळेत पोहोचली, तर त्याला पुढचा रस्ता दिसतो. मुलाला त्रास होत असल्याचा संशय आला, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा.

विहाराने काय करावे?

१४ एप्रिलला आपली मंडळे बालगृहात जातात, फळे आणि वह्या वाटतात. भावना चांगली असते. पण मुलांना रांगेत उभे करून, हातात केळे देऊन, बॅनरसमोर फोटो काढला, तर त्या मुलाला पुन्हा एकदा आठवण करून दिली जाते की तू घेणारा आणि आम्ही देणारे. शिवाय अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो, नाव किंवा पत्ता छापणे किंवा पसरवणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवरही नको, आपल्या मासिकातही नको.

त्याऐवजी वर्षातून एकदा पन्नास माणसांनी जाण्यापेक्षा संस्थेच्या परवानगीने पाच माणसांनी दर महिन्याला जावे, आणि तीच पाच माणसे जावीत. गणित शिकवावे, क्रिकेट खेळावे, मुलांना त्यांच्या नावाने हाक मारावी. जयंतीच्या कार्यक्रमात त्या मुलांना प्रेक्षकांत बसवण्यापेक्षा ढोल-लेझीम, भाषण, सूत्रसंचालन यांत जबाबदारी द्यावी. पंगतीत वाढायला उभे करावे. दुसऱ्याला काही देता येते, हा अनुभव आत्मसन्मानाला औषधासारखा लागू पडतो. वस्तीत नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलांनाही धम्मवर्गात असेच काम द्यावे. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू असते, तिथे एक दिवस वाचनाची पाळी या मुलांची ठेवावी.

आणि त्या दिवशी जीवकाची गोष्ट वाचायला द्यावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. राजगृहात सालवती नावाच्या गणिकेला मूल झाले आणि ते टोपलीत घालून उकिरड्यावर टाकून देण्यात आले. राजपुत्र अभयाने ते पाहिले, जिवंत आहे का विचारले, आणि घरी नेऊन वाढवले. जिवंत सापडला म्हणून नाव जीवक. विनयपिटकात पुढची हकिगत आहे. मोठा झाल्यावर जीवकाने अभयाला विचारले, माझी आई कोण, बाप कोण? अभयाने उत्तर टाळले नाही आणि खोटेही सांगितले नाही. तुझी आई मला ठाऊक नाही, पण तुला मी वाढवले आहे, तेव्हा तुझा बाप मी आहे, अशा अर्थाचे तो बोलला. तोच जीवक तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला आणि पुढे तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला.

जीवक राजवाड्यात वाढला म्हणून घडला, असे कुणी म्हणेल. राजवाडे आपल्याजवळ नाहीत. पण अभयाने जे उत्तर दिले, ते झोपडीतल्या मावशीला, चाळीतल्या काकाला, बालगृहातल्या ताईलाही देता येते. आपल्या ओळखीत असे एखादे मूल असेल, तर या पौर्णिमेला विहारात येताना त्याला बरोबर आणा आणि लोकांत त्याची ओळख करून देताना "हा आमचा आहे" एवढे म्हणा.

जय भीम. नमो बुद्धाय.